तीनशेसाठावं कार्ड

शनिवार, ४ नोव्हेंबर १९८९, सकाळी अकराचा सुमार. बॉस्टनजवळच्या श्रूजबरी गावात दिगंबर नाफडेच्या घरी जेवणाच्या टेबलाशी आम्ही चौघं बसलो होतो. दिगूची बायको वसुधा, त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी अनघा, स्प्रिंगफील्डहून आलेला फ्रँक नावाचा जुन्या बेसबॉल कार्डांचा व्यापारी आणि दिगूचा मित्र म्हणून मी. टेबलावर तीनशेसाठ कार्डांचा एक पूर्ण संच होता आणि फ्रँकने त्याचे नऊ हजार आठशे डॉलर देऊ केले होते. टेबलाच्या पाचव्या खुर्चीवर, खिडकीकडे पाठ करून बसणारा माणूस सप्टेंबरच्या वीस तारखेला गेला होता.

ती बातमी मला ऑफिसात समजली. वसुधाचा फोन आला, “दिगूला कारखान्यातून हॉस्पिटलात नेलंय, तुम्ही या,” एवढंच ती म्हणाली. मी पोचलो तेव्हा सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. संध्याकाळी घरी निघताना पार्किंग लॉटमध्ये गाडीचं दार उघडता उघडता दिगू खाली बसला आणि उठला नाही. वय एक्कावन्न. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. घराचे उरलेले हप्ते विम्यातून फिटले. अनघाचं कॉलेजचं दीड वर्ष मात्र उरलं होतं आणि जानेवारीची फी भरायची होती. म्हणून तळघरातली ती कार्डं वर टेबलावर आली. मी एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात आहे, तेव्हा व्यवहाराला मी हजर असावं असं वसुधाला वाटलं.

भारतातल्या वाचकांना ही कार्डं म्हणजे काय ते सांगायला हवं. पन्नाशीच्या दशकात इथे मुलं दोन-चार सेंटचं च्युइंगगम घेत, त्याबरोबर पुठ्ठ्याचं एक छोटं कार्ड मिळे. पुढच्या बाजूला बेसबॉल खेळाडूचं रंगीत चित्र, मागे त्याची उंची, वजन, जन्मगाव आणि मागच्या मोसमाचे आकडे. मुलं ती रबरबँडने बांधून ठेवत, भिंतीवर आपटून जुगार खेळत, सायकलच्या तारांत खोचून फटफटीचा आवाज काढत. मुलं मोठी झाली की त्यांच्या आया ती केरात टाकत. त्यामुळे जी चांगली राहिली ती थोडीच, आणि गेल्या आठ-दहा वर्षांत मोठ्या झालेल्या त्याच मुलांनी त्यांचे भाव शेअरसारखे चढवले. आता हॉटेलांच्या हॉलमध्ये त्यांचे बाजार भरतात.

दिगू काही इथे लहानाचा मोठा झालेला नव्हता. तो सातारचा. १९६५ साली वूस्टरच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून आला आणि मिसेस बर्क नावाच्या विधवा बाईंकडे खोली घेऊन राहिला. पहिले काही महिने कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच डबा खाई. त्याचं नाव कोणाला उच्चारता येत नव्हतं आणि त्यांच्या गप्पा याला कळत नव्हत्या. मिसेस बर्कनी एक दिवस आपल्या मुलाच्या कार्डांचं बुटाचं खोकं त्याच्यासमोर ठेवलं. हे वाच, नाहीतर इथे तुझ्याशी कोणी बोलणार नाही, असं त्या म्हणाल्या. शाळेत असताना क्रिकेटच्या सरासऱ्या दिगूला पाठ असत. त्याने ही कार्डंही तशीच पाठ केली. मग एका दुपारी शेजारच्या टेबलावर कुठल्याशा जुन्या खेळाडूच्या आकड्यावरून वाद चालला होता. दिगूने डब्यातून मान वर न करता खरा आकडा सांगितला. तेव्हा एका फोरमनने पायाने एक खुर्ची पुढे सरकवली. “त्याच खुर्चीवर अजून बसतो रे,” असं दिगू मला सांगे. त्याच्या अंत्यविधीला त्या टेबलावरचे सहा जण आले होते.

मिसेस बर्कचं घर पुढे विकलं गेलं आणि त्या सामानाबरोबर ते खोकंही गेलं. १९८० साली एका घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्या खोक्यातल्या कार्डांच्याच वर्षाची बारा-पंधरा कार्डं दिगूला दिसली. त्याने ती तीन डॉलरला घेतली आणि घरी येऊन जाहीर केलं की हा सगळा संच पुरा करायचा. वसुधाला तो थंडीपुरता छंद वाटला होता.

त्याची पद्धत मी जवळून पाहिली, कारण त्याला गाडीतून लांब जायचं असलं की सोबतीला मी असे. तो आधी मिळेल तसं कार्ड घेई, मळकं, दुमडलेलं, कसंही. जागा भरली की मग तेच कार्ड अधिक चांगलं शोधायचं, आणि ते मिळालं की जुनं विकून टाकायचं. कोपरे धारदार हवेत, चित्र चौकटीच्या मधोमध हवं, पुठ्ठ्याची चकाकी गेलेली नको. तळघरातल्या टेबलाजवळ चिवड्याची बशी न्यायला बंदी होती. हात धुऊन, पुसून, कार्डाच्या कडाच फक्त धरायच्या. मी भावांचं मासिक चाळून कुठल्या कार्डाचे किती वाढले ते सांगू लागलो की तो म्हणे, “ऑडिटर, तू किंमत बघ, मी कोपरे बघतो.” विकत घेतलेलं कार्ड पुन्हा बदलताना त्याला काही वाटत नसे. ज्याच्यावर दोन वर्षं प्रेम केलं ते कार्डसुद्धा, त्याहून सरस दिसलं की तो तिथल्या तिथे फुंकून टाकी. मला हे पटत असे. यात भावनेचा भाग नव्हता.

१९८५ च्या उन्हाळ्यापर्यंत तीनशेएकोणसाठ कार्डं झाली. उरलं ते एकच, एका तरुण खेळाडूचं, जो पुढे फार मोठा झाला. मोसमाच्या अखेरीस निघणाऱ्या शेवटच्या गठ्ठ्यातली कार्डं त्या काळी कमी छापली गेली होती, म्हणून ते दुर्मीळ. तीनशेएकोणसाठ म्हणजे संच नव्हे, ती नुसती कार्डं, असं दिगू म्हणे. ऑक्टोबरात रूट नाइनवरच्या एका हॉटेलात भरलेल्या बाजारात ते त्याला मिळालं. अकराशे डॉलर. स्वयंपाकघराची फरशी बदलायला ठेवलेले पैसे होते ते. त्याने वसुधाला फोन करून विचारलं, ती हो म्हणाली, आणि आम्ही घरी पोचल्यावर कार्ड हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिलं. “आपल्या लग्नाचा फोटो तीस रुपयांत काढला होता,” ती म्हणाली. “हा कोण एवढा लागून गेलाय?” फरशी अजून तीच आहे.

त्याच महिन्यात दिगूची आई साताऱ्याहून आली होती. आम्ही सगळे तिला मावशी म्हणत असू. दिवाळीला लक्ष्मीपूजन तिच्या हातून व्हायचं ठरलं आणि आमच्या कुटुंबाला बोलावणं होतं. चौरंगावर कलश होता, वसुधाचे दागिने होते, बँकेचं पासबुक होतं. मावशींनी दिगूला विचारलं, या घरात आणखी काय मोलाचं आहे ते आण. दिगू तळघरात गेला आणि तीनशेसाठावं कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून घेऊन आला. त्याने ते चांदीच्या ताटलीत ठेवलं आणि फोटो काढायचा म्हणून कॅमेऱ्याची बॅटरी आणायला परत खाली गेला.

देवापुढे वस्तू अशी पिशवीत कोंबून ठेवत नाहीत, असं म्हणत मावशींनी कार्ड पाकिटातून काढलं. पाण्यात बोट बुडवून आधी हळद लावली, मग कुंकू, वर अक्षता आणि झेंडूची एक पाकळी. खोलीत आम्ही सहा माणसं होतो आणि सगळ्यांनी ते पाहिलं. कोणी तोंडातून शब्द काढला नाही, कारण कोणाला काही वेगळं दिसलंच नाही. नव्या गाडीला कुंकू लागतं, फ्रिजला लागतं, वसुधाच्या टाइपरायटरला त्याच दिवशी सकाळी लागलं होतं. नव्या वस्तूला कुंकू लावताना आजवर कोणी कोणाला अडवलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. मावशींनी एवढंच केलं की समोर माणूस आहे म्हटल्यावर वस्तूच्या कोपऱ्याला न लावता त्याच्या कपाळाला लावलं.

दिगू कॅमेरा घेऊन वर आला. ताटलीकडे बघत उभा राहिला. ओल्या बोटाने पुठ्ठा फुगला होता आणि तांबडा रंग भुवईपर्यंत उतरला होता. अनघा तेव्हा शाळेत होती. तिच्याच काय ते लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. मावशी निरांजन लावत होत्या.

“अक्षता वाहिल्यास ना?” दिगूने विचारलं.

“वाहिल्या की.”

“मग झालं.”

त्याने फोटो काढला, मग आईला वाकून नमस्कार केला आणि आरतीला उभा राहिला. त्या कार्डाचं काय झालं हे मावशींना पुढे कोणी सांगितलं नाही. दीड वर्षाने त्या साताऱ्यात वारल्या.

मी मात्र दुसऱ्याच आठवड्यात दिगूला दोन मार्ग सुचवले होते. बॉस्टनला जुने कागद दुरुस्त करणारा एक माणूस होता, त्याला दाखवावं. किंवा नेहमीप्रमाणे दुसरं चांगलं घ्यावं आणि हे येईल त्या किमतीला काढून टाकावं. त्याने ऐकून घेतलं. पुढच्या चार वर्षांत त्याने त्या संचातली निदान चाळीस कार्डं बदलली. एकदा तर तेच कार्ड, स्वच्छ, धारदार कोपऱ्यांचं, परवडेल अशा भावात माझ्यासमोर त्याच्या हातात आलं होतं. त्याने भिंगातून ते नीट पाहिलं, छान आहे म्हणाला आणि विक्रेत्याला परत दिलं. गाडीत मी कारण विचारलं. “माझ्याकडे आहे ना एक,” तो म्हणाला, आणि आम्ही रस्त्याचं बोलू लागलो.

चार नोव्हेंबरला फ्रँक भिंग घेऊन एकेक कार्ड पाहत त्या कार्डापाशी आला आणि थांबला. हे काय, केचप? त्याने विचारलं. अनघा म्हणाली, “माय ग्रँडमदर ब्लेस्ड हिम.” फ्रँक सज्जन माणूस होता. त्याने कार्ड खाली ठेवलं, मान हलवली आणि म्हणाला की डाग नसता तर साडेदहा हजार दिले असते, म्हणजे तो आशीर्वाद तुम्हाला सातशेला पडला. त्याच्याकडे कनेक्टिकटचा एक वकील गिऱ्हाईक होता. त्याला पूर्ण संच हवा होता, एका डागाकडे त्याने काणाडोळा केला असता.

“हे एक आपण ठेवायचं का?” अनघाने आईला विचारलं. ती सहसा इंग्रजीत बोलते, हे मराठीत विचारलं.

फ्रँकने लगेच सांगितलं की मग आठ हजार, कारण ते कार्ड बाजारातून त्याला विकत घ्यावं लागेल. मी कागदावर आकडे मांडून त्याला दाखवलं की स्वच्छ कार्डाचा आजचा भाव बावीसशे आहे, ते घालून त्याचा संच निष्कलंक होतो, तेव्हा साडेदहा हजारांतून बावीसशेच वजा व्हायला हवेत. त्याने दोनदा पाहिलं आणि आठ हजार तीनशे कबूल केले. मग मी वसुधाला सांगितलं की तरीही पंधराशेचा तोटा आहे आणि तो जानेवारीच्या फीमध्ये जाणवेल. हेही सांगितलं की दिगूच्या लेखी एक कमी असलेला संच हा संचच नव्हे, तो मोडून विकला तर नऊ वर्षांचं काम मोडलं असं होईल. माझं काम सल्ला देण्याचं होतं आणि तो सल्ला आजही मला चुकीचा वाटत नाही.

“काका,” अनघा म्हणाली, “बाबा चेंज्ड एव्हरीथिंग. ही नेव्हर चेंज्ड धिस वन. ते पंधराशे माझ्या फीमधून कट करा. आय विल वर्क.”

वसुधा उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर पानं गोळा करायची राहून गेली होती, दिगू असता तर एव्हाना झाली असती. फ्रँक चष्मा पुसत बसला. थोड्या वेळाने ती परत येऊन बसली आणि फ्रँकला इंग्रजीत म्हणाली, तीनशेएकोणसाठ. मग तिने ते कार्ड त्याच्या पाकिटात घातलं, पण अनघाने हात पुढे केला तेव्हा दिलं नाही.

“फुकट नाही,” ती म्हणाली. “पूजेतली वस्तू आहे, अशी फुकट घेऊ नये. तुझी आजी असती तर तिने सव्वा रुपया घेतला असता.”

अनघाने पर्स उघडली. एक डॉलरची नोट सापडली, वरच्या पाव डॉलरच्या नाण्यासाठी बाहेर गाडीपर्यंत जाऊन आली. देवघरातली चांदीची ताटली वसुधाने टेबलावर आणली, त्यात ते पैसे घेतले आणि मग कार्ड मुलीच्या हातात दिलं. अनघाने ते कडांनी धरलं, बापाने शिकवलं होतं तसं. सध्या ते तिच्या वसतिगृहाच्या खोलीत टेबलावर असतं.

त्या दिवशी प्रत्यक्ष दिले गेले ते असे. फ्रँककडून श्रीमती वसुधा नाफडे यांना, चेकने, आठ हजार तीनशे डॉलर. अनघाकडून तिच्या आईला, रोख, सव्वा डॉलर.