नंदाच्या नावाचा पट्टा

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, म्हणूनच कदाचित जमेल. समोर माणूस असलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. शिक्षण चौथीपर्यंत. हा कागद धाकट्या ज्योतीच्या शाळेतला आहे, कडांना भोकं असलेला, कॉम्प्युटरवर छापायचा. मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर लिहिते आहे.

आम्ही मूळचे खानदेशातले, पोटासाठी गुजरातेत आलेले. नवरा उधन्याला कापडाच्या लूमवर, घर जवळच नवागामात. घरी बसून मी साड्यांवर टिकल्या चिकटवते. मोठी मुलगी नंदा माझ्यासोबत. तिची शाळा सातवीनंतर सुटली.

सुटली — बघा, किती सहज लिहून गेले.

ज्योती नववीत गेली तेव्हा तिच्या मराठी शाळेत दोन कॉम्प्युटर आले. त्यांना हार घातले, नारळ फोडला. खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवळात जावं तशा. चौधरी बाई मुलांना त्यांच्यावर शिकवायच्या, पण आधी वस्तीत पिटाळायच्या. आपल्या भागातल्या मुलींनी शाळा का सोडली, हे शोधून आणायचं. बाईंचा नियम कडक होता. ऐकलं ते लगेच खरं मानायचं नाही. ज्या मुलीची गोष्ट तिला विचारायचं, शिवाय घरातल्या आणखी एकाला. दोघांचं जुळलं तरच कॉम्प्युटरमध्ये टाकायचं. ज्योती घरी येऊन हे असं सांगायची, जणू पोलिसात भरती झाली आहे. मला कौतुक वाटायचं. खरंच वाटायचं.

मग एका दुपारी तिने मलाच विचारलं. ताईने शाळा का सोडली?

नंदा तिथेच बसली होती, मांडीवर साडी. मी म्हणाले, तिला शिकायची आवडच नव्हती.

नंदाचा हात थांबला. फार नाही, एक टिकली लावायला लागेल तेवढाच. मग ज्योती तिच्याकडे वळली. "ताई, आता तू सांग. खोटं बोललीस तर बाई पकडतात हं!"

नंदा हसली. "माय सांगस तेच लिख," ती आमच्या अहिराणीत म्हणाली.

दोघींचं जुळलं. ज्योतीची काही चूक नव्हती. शिकवलं तसंच तिने केलं.

खरं काय होतं? तुम्हाला वाटेल गरिबी. नाही, तेव्हा दोन वेळचं नीट चाललं होतं. लग्नाची घाई? तीही नाही. नंदा वर्गात हुशार होती, शाळेची पिशवी रात्रीच भरून ठेवायची. खरं कारण मी होते. तयार साड्या न्यायला, काम देणाऱ्या शेठचा माणूस यायचा, गुजरातीत बोलायचा. "बेन, आ डाघ कोणे पाड्यो?" डागावर बोट ठेवून विचारायचा आणि मी पदर ओढून मागे सरायची. नंदा घरात असली की डाग आधीचाच असल्याचं फटकन सांगायची, "काका, ए तो पहेलेथी ज हतो! चश्मां घरे भूली आव्या?" तोही हसायचा. ती शाळेत असताना तो आला की मी दाराआड उभी राहायची. शेवटी मी तिला घरीच ठेवलं. माझ्या जागी बोलायला. एवढंच. मला लाज वाटायची म्हणून तिची शाळा गेली.

वर्षाअखेरीस बाईंनी आयांना बोलावलं. नंदाला मी सोबत नेलं होतं; चपला काढून आम्ही आत गेलो. काहीजणींनी तर कॉम्प्युटरला नमस्कार केला. पडद्यावर कारणांचे रंगीत पट्टे उभे होते — लग्न, घरकाम, परिस्थिती. शेवटचा पट्टा अगदी बुटका. 'आवड नाही'. त्यात एकच मुलगी होती.

बाईंनी नाव वाचलं आणि थबकल्या. सातवीला नंदा त्यांच्याच वर्गात होती. त्या माझ्याजवळ आल्या, हळू बोलल्या. "नंदाची आई, हे बरोबर आहे ना? चुकलं असेल तर सांगा, आत्ता बदलते. यात खाडाखोड दिसत नाही."

यापेक्षा सोपं कुणी काय करून देईल? नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. मी फरशीकडे बघत राहिले. आणि माझ्या शेजारून नंदा बोलली — नेहमीसारखी, माझ्या जागी. "बरोबर आहे, बाई. मला कंटाळा यायचा."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फक्त म्हणाल्या, "नंदा, रविवारी ज्योतीबरोबर येत जा. शिकवते तुला हे."

ती जाऊ लागली. बाईंचे उपकार मी कसे मोजू? नंदा आता कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं जुळवते, दहावीला बाहेरून बसायचं म्हणते. ज्योती तिला प्रश्न विचारते, चुकली तर चिडवते, आणि त्या दोघींचं हसणं ऐकत मी टिकल्या लावते. एवढं माझ्या पदरात पडलं. मी काय केलं होतं म्हणून?

ती गेली त्या पहिल्याच रविवारी शेठचा माणूस आला. मी दाराआड गेले नाही, जायला वेळच मिळाला नाही. म्हणाले, "नंदा घरे नथी. मने कहो." त्याने सांगितलं, मला कळलं, तो गेला.

इतकंच होतं ते.

त्या दिवशी मी खूप वेळ दारात उभी राहिले. नंदा परत आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "काय माय, बोललीस ना?" आणि इतकी खूश झाली, जणू पास मीच झाले.

तो पट्टा शाळेत अजून तसाच आहे. बदललेला नाही. 'आवड नाही', आणि खाली नंदाचं नाव. आवड तिला होती. भीती माझी होती.