पेटी उघडायची नाही

झेंडावंदनाला मला एकोडीच्या शाळेत बोलावतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, ताराचंद कोणत्या लढाईत पडला? 'सरावात' म्हटलं की ऐकणाऱ्यांची तोंडं उतरतात. मला त्याचा राग येतो.

तेव्हा लढाई सुरूच होती. मी बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये कॉर्पोरल, एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, गाव सानगडी. फ्लाइंग ऑफिसर ताराचंद नवा आलेला नॅव्हिगेटर, आमच्याच भागातल्या एकोडीचा. चारचौघांत मी त्याला सॅल्यूट ठोकून 'सर' म्हणायचो. विमानाखाली दोघंच असलो की तो हळूच मळणीचं विचारायचा, "काय गा, गावाकडं धान चुरून झाले का?"

मोहिमेवर जाण्याआधी नव्या क्रूला जमिनीलगत उडत बॉम्ब टाकायचा सराव करावा लागे. त्या दुपारी त्याच्या सीटचे पट्टे मीच आवळले.

"ढिल्ले ठेव ना थोडे. श्वास कोंडून राहिला."

मी आणखी एक ओढ दिली आणि उतरलो.

तिसऱ्या फेरीला टार्मॅकवरच्या रेडिओवर, बॉम्बफेकीच्या मैदानावरून सराव बघणाऱ्या रेंज ऑफिसरचा आवाज आला, विमान वर घ्या म्हणून. "पुल अप. पुल अप." मग काहीच नाही. लांबवर काळा धूर उठला. पायलट आणि ताराचंद, दोघंही गेले. कारण शेवटपर्यंत कळलं नाही, ते अजून खुपतं.

स्क्वाड्रनच्या प्रमुखांनी, सीओंनी, बोलावलं. "कॉर्पोरल, तू त्याच्या भागातला. घरी पोचव. पेटी उघडायची नाही. क्लियर?"

"येस सर."

पेटी हलकी होती. उचलताना आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

एकोडीत अंगणात पेटी ठेवली. त्याची आई तांब्यात पाणी घेऊन आली.

"उघड, बाबू. पोराच्या तोंडात पाणी घालाचं आहे."

"उघडता येत नाही, माय. ऑर्डर आहे."

तिनं पेटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. "मंग डोकं कोणत्या बाजूनं आहे, तेवढं सांग."

दोन्ही टोकं सारखीच होती. कुठंही बोट दाखवलं असतं तर चाललं असतं. पण माझ्यानं ते झालं नाही.

"मले नाही माहीत, माय."

तिला कळलं. ती रडली नाही. एका टोकापासून तिनं झाकणावर पाण्याची धार धरली आणि पेटीच्या कडेनं हळूहळू पुढं सरकत गेली. दुसरं टोक हातभर उरलं असताना तांब्या रिकामा झाला.

"आणखी आण," ती मला म्हणाली.

मी युनिफॉर्मातच विहिरीकडे धावलो. नोकरीत पुष्कळ ऑर्डरी पाळल्या. ताराचंद आठवला की ही एकच आठवते.