उष्ट्या ताटांवरची फातिहा

दुबईच्या देरा भागात, खाडीच्या मागच्या गल्लीत एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या माणसाची खानावळ होती. चार टेबलं, लाकडी बाकं आणि स्वयंपाकघराच्या दारावर निळा पडदा. साठच्या दशकातल्या त्या दुबईत बाहेर खायचं म्हणजे इराण्याचा चहा, नाहीतर गावच्याच कुणाच्या खोलीवर मासळीचं कालवण. त्यामुळे मिसरी जेवण म्हटल्यावर आम्ही अंघोळ करून, धुतलेले शर्ट घालून गेलो. समोर आलं काय, तर वालाचं बिरडं! मोठ्या वालासारखे दाणे मऊ शिजवून ठेचलेले, वर तेल, जिरं आणि लिंबू. खोबरं नाही, तिखट नाही. मी भाईला म्हटलं, "हे आजारी माणसाचं बिरडं आहे." भाईने तोवर दुसरी वाटी मागवली होती.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही हर्णैच्या बाजूचे. वडील लवकर गेले, चाचांनी आम्हाला वाढवलं आणि चाचांनीच दुबईला आणलं. त्यांचं दोरखंडांचं नि मसाल्याचं दुकान होतं, भाई धक्क्यावर माल उतरवून घ्यायचा आणि मी एका कंपनीत टायपिस्ट होतो. चाचांना स्वतःची बायको-मुलं नव्हती. आमच्या बाबतीत जे करायचं ते रीतीप्रमाणे, मेलेल्या भावाला तोंड दाखवता आलं पाहिजे, हा त्यांचा एकच हट्ट.

एकदा भाईने खानावळीत मूठभर आमसुलं नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी मसुरीचं सूप आलं ते आंबट, लालसर. ते घेऊन पडद्याबाहेर आली ती खानावळवाल्याची बहीण. सगळा स्वयंपाक तीच करायची. तरुणपणी विधवा झालेली, भाईच्याच वयाची असेल. सूप कसं झालंय ते भाईच्या तोंडाकडे बघून ठरवायला ती उभी राहिली, आणि भाईचं तोंड जे उघडलं ते मिटेचना. त्यानंतर आमचं मिसरी जेवण रोजचं झालं. दोघांत बोलणं असं ते काय, बाजारी अरबीतले पाच-सहा शब्द. पण माझ्या ताटात एक लिंबाची फोड यायची आणि भाईच्या ताटात दोन.

चाचांना सांगितलं तेव्हा ते आधी भडकले. "कोकणातल्या पोरी खलास झाल्या काय?" मग एक दिवस न सांगता एकटेच जाऊन जेवून आले. आल्यावर हात धुताना म्हणाले, "मासळी बरी तळते. नमाजी आहे. मी बोलेन तिच्या भावाशी." चाचा एवढ्या लवकर वळतील असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. भाईने त्या आनंदात स्वतःच्या हाताने माझे बूट पॉलिश केले.

बोलणी करायला आम्ही तिघं गेलो त्या दुपारी खानावळवाल्याने गिऱ्हाइकं घेतली नव्हती. भात भरलेली कोंबडी होती, आणि एक हिरवी बुळबुळीत भाजी, जिला चाचा भेंडीची बहीण म्हणाले. जेवण झाल्यावर चाचांनी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत भाईसाठी मागणी घातली. खानावळवाला पडद्याआड जाऊन आला. चेहरा उजळला होता. त्याने लाल सरबत मागवलं, हात पुसले, दोन्ही तळवे वर उचलले आणि म्हणाला, "अल् फातिहा."

चाचा दचकले. आमच्याकडे कुराणातली ही फातिहा वाचायची म्हणजे जुमेरातला, गुरुवारी, गेलेल्या माणसांच्या नावाने. घरी शिजवलेलं अन्न, खाली धुतलेली पांढरी चादर, लोबान, आणि कुणी घास घेण्याआधी. इथे वार सोमवार, अन्न हॉटेलचं, समोर चोखलेली हाडं! उष्ट्या ताटांवर आपल्या भावाच्या नावाने फातिहा? चाचांनी खानावळवाल्याचे उचललेले हात प्रेमाने धरले आणि हळूच खाली केले. "अभी नहीं, भाईसाब. जुमेरात को. घर से खाना बनाके लाएंगे. इन्शाल्ला." खानावळवाल्याने मान हलवली. सरबत आम्ही प्यायलो. आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

परत येताना चाचा खुशीत होते. "माणूस भला आहे, रीत तेवढी माहीत नाही." भाईला मात्र त्यांनी बजावलं, की आता सोयरीक ठरली, जुमेरातपर्यंत तिकडे पाऊल टाकायचं नाही, नवरा मुलगा सासरच्या दारात जेवायला बसत नसतो. भाईने ते अक्षरशः पाळलं. धक्क्यावरून येताना तो ती गल्ली सोडून लांबच्या वाटेने यायचा.

जुमेरातला चाचांनी दुकान बंद ठेवलं. चपात्या कुस्करून, तूप-गूळ घालून स्वतः मलिदा केला. चादर मी धुतली. लोबान घेतला. असे सजून आम्ही पोचलो, तर खानावळवाला एकटाच बसलेला, आणि निळा पडदा बाजूला सारलेला. बहीण आदल्या दिवशीच्या बोटीने कुवेतला त्यांच्या मामाकडे गेली होती. त्याने आमच्या हातातल्या चादरीकडे आणि लोबानाकडे पाहिलं. "किस्मा व नसीब," एवढंच म्हणाला. ते दोन्ही शब्द समजायला अरबी यायची गरज नव्हती. त्याने चहा विचारला. चाचा उभ्या उभ्याच वळले.

"हिंदी माणूस गिऱ्हाईक चालतो, जावई चालत नाही," चाचा वाटेत म्हणाले. "हे त्याच दिवशी सांगायचं होतं." भाई मलिद्याचा डबा घेऊन मागून चालत होता. मला तेव्हा त्या खानावळवाल्याचा फार राग आला. काही महिन्यांनी खानावळही बंद झाली आणि तोही कुठेतरी निघून गेला.

पुढे चाचांना अर्धांगाचा झटका आला. भाईने नोकरी सोडली आणि त्यांना घेऊन तो हर्णैला परतला. स्थळं येत होती, तो टाळत राहिला. मी दुबईतच होतो. एकदा शेजारच्या मिसरी मास्तरांनी मुलीच्या सोयरिकीला बोलावलं. जेवणं झाली, सरबत आलं, आणि दोन्हीकडच्या पुरुषांनी हात उचलले. फातिहा झाली, हात चेहऱ्यावरून फिरले, आणि आत बायकांनी आनंदाचा गलका केला. मी बाजूच्या माणसाला विचारलं, "कुणाच्या नावाने दिली?" तो हसला. "कुणाच्या नाही. सोयरीक पक्की झाली. फातिहा वाचली की दिलेला शब्द बांधला जातो." मी विचारलं, मुलीकडच्यांनी हात उचलले आणि समोरच्याने उचललेच नाहीत, तर? "मग त्याला मुलगी नको आहे. यापेक्षा मोठा अपमान काय असतो?"

मी सरबताचा पेला खाली ठेवला. म्हणजे चाचांची हिंदी तिथे कुणाला कळलीच नसावी, खाली केलेले हात तेवढे कळले; आणि ती पडद्यामागे उभी राहून आमचा नकार ऐकत होती. पुढचे दोन दिवस तिने भाईची वाट बघितली असेल, आणि तो आला नव्हता.

त्या सुट्टीत गावी गेलो आणि भाईला पडवीत बसवून सगळं सांगितलं. त्याने एकदाच विचारलं, "ती पडद्यामागे होती?" मी हो म्हटलं. जुमेरात होती. आतून लोबानाचा वास आला, मग चाचांची अडखळती हाक, मलिदा निवतोय म्हणून.

"चाचांना यातलं काही कळता कामा नये," भाई म्हणाला आणि उठला. आत पांढऱ्या चादरीशी चाचांच्या अगदी जवळ बसला. चाचांचे हात आता थरथरायचे, त्यांना ते वर धरून ठेवता येत नसत. भाईने आपले तळवे त्यांच्या हातांखाली लावले आणि फातिहा संपेपर्यंत ते खाली येऊ दिले नाहीत.