आठवी ओळ

वानखेडे काकाजींच्या हातात कुणी नोट ठेवली की ते आधी ती उलटी करत. मग कडेवरून अंगठा फिरवत, दाराशी जाऊन उजेडात धरत, तिरकी करत, पुन्हा सरळ करत. नोट कितीची आहे हे त्यांना सगळ्यात शेवटी कळत असावं, अशी माझी समजूत होती. जबलपूरच्या रांझी भागातल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना याची सवय झाली होती. काकाजींचं पाहून होईपर्यंत ते निवांत उभे राहत.

मला सवय नव्हती. शेजारच्या घरात राहायला येऊन चार दिवस झाले होते, आणि काकूंनी माझ्यासाठी घेऊन ठेवलेल्या भाजीचे दहा रुपये द्यायला मी गेले होते. काकाजी माझी नोट घेऊन जे दाराशी गेले ते परत येईचनात. मी गणिताची मास्तरीण. स्वभावाने तापट नाही, पण थांबायची सवय नाही. शेवटी न राहवून विचारलं, "काय झालं? खोटी आहे का?"

"काहून, घाई आहे का?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "इकडं या. नंबराच्या मधात चांदणी दिसून राहिली?"

खरंच एक बारीक चांदणी होती. आयुष्यभर नोटा हाताळून मला ती कधी दिसली नव्हती.

"छापखान्यात एखादी नोट बिघडली का तिच्या जागी ही बसवतात. बदली कामगार आहे हा. अन् तुम्ही याले कोथिंबिरीवर घालवून राहिल्या!"

मी म्हटलं, "मग परत द्या, दुसरी देते." तर त्यांनी नोट खिशात घातली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आता कशी देऊ? तुमाले पारख नाही." त्या दिवसापासून आमचा घरोबा जमला तो जमलाच.

काकाजी तोफांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेला माल हातात घेऊन पाहिला आणि पास किंवा रिजेक्ट असा शेरा मारला. निवृत्त झाले तेव्हा कारखाना सुटला, नजर काही सुटली नाही. ती सगळी नोटांवर येऊन बसली. नोटांचा नाद तसा आधीपासूनचा, पण आता त्याला दिवसभर मोकळीक मिळाली.

त्यांच्याकडे राजेरजवाड्यांचं काही नव्हतं. होत्या त्या तुमच्याआमच्या पाकिटातल्याच नोटा. कमानिया गेटजवळ जुन्या नाण्यांचं दुकान असलेले गुप्ताजी सुरुवातीला त्यांची थट्टा करायचे, "बाबूजी, ये तो बाज़ार में चल रही है, इसमें जमा करने का क्या है?" काकाजी म्हणत, "जुनं सगळेच पाहतात. हे रोज हातातून जाऊन राहिलं, याले कोण पाहते?" वर्षभरात गुप्ताजीच रविवारी स्कूटर काढून रांझीला यायला लागले. एकाच शंभराच्या नोटेचे काकाजींकडे तीस-चाळीस नमुने. कुणाची सही वेगळी, कुणाच्या नंबराखालचं अक्षर वेगळं, कुणाचा धागा नुसता चांदीसारखा, तर कुणाचा तिरका धरला की हिरव्याचा निळा होणारा. समोरच्या बाजूला अर्धं फूल, मागच्या बाजूला अर्धं. उजेडात धरलं की दोन्ही अर्धी एकमेकांत अशी बसत की जरासुद्धा फट दिसत नसे. ते जुळताना काकाजींचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. "पाहा, पाहा. दोन्हीकडून छापलं, अन् केसाइतका फरक नाही. कोणीतरी जीव लावून काम केलं असन का नाही?"

हे मला फार आवडायचं. आम्ही नोटेत पैसे पाहतो, ते नोटेत कारागीर पाहत.

एकदा कमानिया गेटच्या एका कापडदुकानात आम्ही बरोबर होतो. खेड्यातून आलेल्या एका बाईची पाचशेची नोट दुकानदाराने गल्ल्यावरूनच परत भिरकावली. "नकली है, धागा रंग नहीं बदल रहा." बाई रडवेली झाली. काकाजींनी नोट उचलली, उलटी केली आणि दुकानदाराला म्हणाले, "भैया, पीछे साल देखो. है क्या?" नव्हतं. "मतलब ये पुरानी है. तब का धागा रंग बदलता ही नहीं था." मग त्यांनी उठावाच्या छपाईवर त्याचं बोट धरून फिरवलं, वॉटरमार्क दाखवला, आणि शेवटी कारखान्यातलं त्यांचं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "रिजेक्ट करना है तो कारण लिखकर दो." दुकानदाराने मुकाट्याने लुगडं बांधून दिलं. हे वाक्य ते घरीही वापरत. काकूंनी भोपळ्याची भाजी केली आणि कुणी नाक मुरडलं की त्यालाही कारण लिहून मागितलं जाई.

पण या सगळ्या खुणांपेक्षा त्यांचा जीव होता तो नोटेच्या पाठीवरच्या भाषांच्या यादीवर. एकाखाली एक पंधरा ओळी, पंधरा भाषांत नोटेची किंमत. त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मोजायला लावलं. मराठी आठवी निघाली.

"वर सात, खाली सात, मधोमध आपण," ते म्हणाले. "पहिले तेरा भाषा होत्या. तवा वर सहा, खाली सहा. तवाही मधातच! अख्ख्या जबलपुरात आपल्या भाषेची पाटी शोधा, मास्तरीणबाई. दुकानावर नाही, बसवर नाही. अन् हे पाहा, पानवाल्याच्या गल्ल्यात मराठी आहे."

त्यांचा जन्म झाला तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होतं. त्यांचे वडील वर्ध्याकडून नोकरीसाठी इकडे आले ते घरातल्या घरात खोली बदलावी तसे आले. मग राज्यांची फेररचना झाली. "आम्ही जागचे हललो नाही, बापा. लाइन हलली," असं ते हसून सांगत.

त्यांच्या सात अल्बमांत प्रत्येक नोटेखाली एक चिठ्ठी होती, बारीक, सुवाच्य मराठीत लिहिलेली. नोटेतली खूण, ती कुठे मिळाली, कुणाकडून मिळाली. गुप्ताजींनी अल्बम विकत मागितले होते, एकदा नाही, दरवर्षी. काकाजींचं उत्तर ठरलेलं असे, "चिठ्ठ्या वाचता येतीन त्यालेच देईन." गुप्ताजी चिठ्ठ्यांवर डोळे बारीक करून बसत, अर्धंमुर्धं लावत आणि हरत. मग काकाजी त्यांना ओळ ओळ वाचून दाखवत. मला एकदा म्हणाले, "माझ्यामागं हे कोणाच्या हाती जाईन, याचीच चिंता आहे. नोटा काय, बाजारात चालतीन. चिठ्ठ्या कुठं चालतीन?"

मुलगा होता. विवेक, जबलपुरातल्याच गोरखपूर भागात राहायचा, विम्याच्या कचेरीत होता. अतिशय गुणी, दर रविवारी मोटरसायकलवर आईबापांना भेटायला येणार म्हणजे येणार. पण बोलणार हिंदीत. आई मराठीत विचारणार, हा हिंदीत उत्तर देणार, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

नोटबंदीनंतर नव्या नोटा आल्या तेव्हाचा एक रविवार मला विसरता येत नाही. काकाजींच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. लोक रांगांत उभे राहून वैतागले होते आणि हे पाचशेच्या नोटेच्या कडेवरच्या पाच आणि दोन हजाराच्या कडेवरच्या सात उंच रेघा डोळे मिटून मोजून दाखवत होते. गुप्ताजी आलेले, मी चहा घेत बसलेली. इतक्यात विवेक आला. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली दोन हजारांची नोट काढून त्याने वडिलांपुढे धरली.

"बाबा, आपके लिए लाया हूँ. मिसप्रिंट! ऑफिस में एक के पास थी, हज़ार ज़्यादा देकर ली. देखो, दो की जगह 'दोन' छप गया है. और एक नहीं, दो-दो जगह!"

काकाजींनी नोट घेतली. उलटी केली नाही, उजेडात धरली नाही. नुसती हातात धरून बसले.

शेवटी गुप्ताजीच हळूच म्हणाले, "भैया, ऊपर वाली कोंकणी है. और ये नीचे... ये तो मराठी है. आपकी."

गुप्ताजी ओशाळून पुढे म्हणाले, "बाबूजी ने ही सिखाया है हमको."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "बाप्पा! चाळीस वर्षं झाले, दोन पोळ्या घे, दोन पोळ्या घे, म्हणून राहिली. तवा बरी समजते तुले!"

आम्ही हसलो. हसायलाच हवं होतं, नाहीतर ते सहन झालं नसतं. विवेकही हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा पडला. कानाने तो शब्द त्याला जन्मापासून ठाऊक होता. छापलेला पाहिला तेव्हा मात्र ती त्याला हिंदीतली चूक वाटली.

दोन दिवसांनी काकाजी माझ्याकडे आले. त्यांनी कधी स्वतःहून माझ्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. खुर्चीवर बसले आणि तपासणीचा अहवाल सांगावा तसं सांगायला लागले. "कारखान्यात लॉट रिजेक्ट झाला का तीन गोष्टी पाहायच्या. माल खराब, मशीन खराब, का कामगार चुकला. मी दोन दिवस पाहून राहिलो. पोरगा सोन्यासारखा. घरात मराठी भरपूर. मंग चुकलं कोण?" मग स्वतःच म्हणाले, "त्याले शाळेत घातला तवा मीच घरात सांगतलं, याले हिंदीच बोलायले लावा. नाहीतर मागं पडन म्हणे. वीस वर्षं लोकांच्या पोरायले आठवी ओळ दाखवून राहिलो, अन् माझ्याच पोराले..."

समजूत घालायला मी खोटं बोलले असते तर त्यांना ते लगेच कळलं असतं.

पुढच्या रविवारी विवेक आला तेव्हा काकाजींनी त्याला रागावलं नाही, उपदेश केला नाही. पहिला अल्बम त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वाच."

बहात्तर वर्षांचा बाप आणि पंचेचाळीसचा मुलगा. खिडकीतून मला दोघं दिसत. सुरुवातीला एका रविवारी एक चिठ्ठी होत असे. विवेक 'ळ'शी अडखळे, हिंदीच्या चालीवर वाची. काकाजी मध्ये बोलत नसत. चूक झाली की नुसतं बोट त्या शब्दावर ठेवत, आणि विवेक पुन्हा वाची. काकू मला म्हणाल्या, "पोराच्या लहानपणी यायले ओव्हरटाइममधून बोलायले टाइम नव्हता. आता पाहा कसे बसून राहिले." पुढे चार-चार, पाच-पाच चिठ्ठ्या होऊ लागल्या. कधी नुसताच हसण्याचा आवाज यायचा. दारात भेटला की विवेक माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलू लागला. लिंग-वचनाची पार वाट लावायचा, पण मागे हटायचा नाही.

तिसऱ्या अल्बमात एक शंभराची नोट होती. तिच्याखालची चिठ्ठी वाचताना विवेक एकदम थांबला, आणि मग उठून मागच्या अंगणात गेला. नंतर मी ती चिठ्ठी पाहिली. "धागा साधा. वॉटरमार्क किंचित डावीकडे सरकलेला. विवेकने पहिल्या पगारातून आईच्या हातात ठेवली. मी तिला दुसरी देऊन ही ठेवून घेतली. मुलगा माझ्यापेक्षा चांगला माणूस होईल, असे वाटते." एवढंच. आयुष्यात काकाजींनी मुलाचं तोंडावर कौतुक केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते वीस वर्षं नोटेखाली लिहून ठेवलेलं होतं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्यानेच ते कधी वाचलं नव्हतं.

चौथा अल्बम सुरू होता तेव्हा काकाजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मागे कुणाला त्रास दिला नाही की कशाची वाट पाहायला लावली नाही. अंत्यसंस्काराला नर्मदेच्या ग्वारीघाटावर गल्लीतले झाडून सगळे आले होते, दूधवालाही, गॅसवालाही.

तेरवी झाल्यावर आठवड्याभराने गुप्ताजी आले. चांगला माणूस, व्यवहार काढायला आलाय असं वाटू नये म्हणून आधी बराच वेळ काकूंपाशी बसले. मग संकोचत विवेकला म्हणाले, "भैया, बुरा मत मानना. अल्बम आपके किसी काम के नहीं होंगे. जो आप कहें, मैं दूँगा. मेरे यहाँ सँभलकर रहेंगे." विवेकने उत्तर द्यायला वेळ घेतला. हिंदीत एका वाक्यात संपलं असतं. पण तो मनातल्या मनात शब्द जुळवत होता, हे मला समोरून दिसत होतं.

"नाही गुप्ताजी," तो म्हणाला. "नाही विकायचे. मी अजून वाचून राहिलो."

गुप्ताजींना तेवढं मराठी येत होतं.