खोलीत दुसरं कुणी नको

परळच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर रीस्टार्ट व्हायची वाट बघत बसलो, की आम्हा सिस्टिम अ‍ॅडमिन लोकांच्या गप्पा सुरू होतात. असे किस्से साठतच जातात. गेल्या वर्षीचे मात्र सांगायला घेतले की वाईटच वाटतं.

*

एचआरने जाहीर केलं, सर्टिफिकेट नसेल त्याला नव्या टीममध्ये जागा नाही. आमच्यातले म्हात्रे सर्वांत जुने. ते शांतपणे म्हणाले, "संसार झाला, पोरं मोठी झाली, आणि आता पत्रिका मागताय होय!"

*

सर्टिफिकेटच्या परीक्षेत म्हात्रे नापास झाले. घरी सांगायचा धीर होईना, म्हणून "पास" सांगून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी ऑफिसात वाटायला पेढे दिले!

म्हात्र्यांनी बॉक्स उघडून टेबलावर ठेवला. "घ्या रे. तिच्यासाठी तरी घ्या." आम्ही एकेक घेतला.

*

बॉस गोखले सरांच्या केबिनची भिंत सर्टिफिकेटांनी भरलेली. कपात झाली तेव्हा पहिलं नाव त्यांचंच! फ्रेमा खोक्यात भरताना म्हणाले, "यांची मुदत अजून बाकी आहे रे. माझीच संपली."

*

आणि आमचा संदेश. करी रोडच्या चाळीत एक खोली, तिथे आई, आजारी बाबा आणि हा. घर त्याच्या एकट्याच्या पगारावर, त्यामुळे पास होणं भागच होतं. परीक्षा घरूनच, ऑनलाइन. नियम असा, की खोलीत दुसरं कुणी दिसलं किंवा दार वाजलं, तरी पेपर बाद!

मग बाबांची खाट बाहेर गॅलरीत काढली. अख्ख्या मजल्याने टीव्ही, मिक्सर बंद ठेवले. शेजारच्या मालतीमावशी दाराशी पहाऱ्याला बसल्या. बाबा म्हणाले, "जा आत. टेन्शन घेऊ नको."

पेपर संपला, स्क्रीनवर 'पास' आलं. संदेशने धाडकन दार उघडलं. "बाबा, झालो!"

खाट रिकामी होती. मावशी तेवढ्या बसून होत्या.

"त्यांना दम लागला रे. आई आणि चाळीतल्या पोरांनी हॉस्पिटलात नेलं. आत्ताच आईचा फोन आला... गेले."

संदेश त्या रिकाम्या खाटेवर बसला.

"मी दार वाजवायला उठलेले, बाळा," मावशी रडत म्हणाल्या. "त्यांनीच हात धरून ठेवला माझा. बोलले, पोराचा पेपर बाद होईल."