यादीतल्या म्हशी

आमचं ऑफिस नगरला, पिठाच्या गिरणीच्या वर. माणसं दोनच, मी आणि ज्ञानेश. घोडेगावच्या बाजारातले व्यापारी बबनराव यांच्यासाठी आम्ही म्हशी विकायचं अ‍ॅप केलं. कुणाला एक किस्सा सांगायला घेतला की ज्ञानेश मधेच म्हणतो, "तो नको, तो दुसरा सांग." असे इतके साठलेत की अ‍ॅपपेक्षा किस्सेच जास्त चालतात.

*

पहिल्यांदा यादी दाखवली तो दिवस. प्रत्येक म्हशीचं वय, वेत, दूध सगळं कोडमध्ये भरलेलं होतं. पण ते ओळीत कसं मांडायचं हे फोनला सांगणारा कोडचा तुकडा, म्हणजे अ‍ॅडॅप्टर घाईत तयार मिळणारा साधाच लावला होता. त्यामुळे फोनने आपल्या मनाने छापलं: इंग्रजीत "म्हैस", पुढे ईमेलमधलं ॲटचं चिन्ह, पुढे अगम्य आकडे. प्रत्येक ओळीत तेच.

बबनरावांनी चष्मा लावला. "ह्यो ईमेल हाय ना?"

"नाही हो, ते..."

"असू द्या. पन म्हशीला ईमेल करनार कोन?"

*

मग आम्ही स्वतःचा अ‍ॅडॅप्टर लिहिला. यादी सरकवली की वर गेलेली ओळच फोन खाली पुन्हा वापरतो, फक्त आतली माहिती बदलतो. एका म्हशीवर लाल "विकली" शिक्का होता. ओळ पुन्हा वापरताना तो पुसायला सांगायचं ज्ञानेश विसरला. सरकवलं की शिक्का भलत्याच म्हशीवर.

अकोले तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. "माझी म्हैस इकली दिसतीय. कुनी इकली?"

"कुणीच नाही. चुकून दिसतंय."

"थांबा, गोठ्यात बघून येतो." थोड्या वेळाने म्हणाला, "हाय जागेवर. पन मालकीन म्हनते, मीच गुपचूप सौदा केला. तुमीच सांगा तिला."

पाव तास मी त्या बाईंना अ‍ॅडॅप्टर समजावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे ताट तेच, जेवन नवं, अन् तुमी ताट धुतलंच न्हाई."

इतकं नीट मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

*

फोटोंचंही तसंच. फोटो उतरेपर्यंत ओळ दुसऱ्या म्हशीला गेलेली असायची. एका सकाळी यादीच्या डोक्यावरचा बबनरावांचा फेट्यातला फोटो म्हशीच्या ओळीत. शेजारी मजकूर: "तिसरं वेत. शांत स्वभाव. लाथ मारत नाही."

काम गेलं, असंच आम्ही धरून चाललो. बबनराव आले, बसले, पाणी प्यायले.

"घरी मंडळींनी पाह्यलं," ते म्हणाले.

"मग?"

"शांत स्वभाव तेवढं काढा म्हनली. लोकांची फसवनूक व्हती."

*

म्हैस यादीत टाकताना मालकाला स्वभावाचे दोनच पर्याय होते: शांत आणि मारकी. मारकी कुणी निवडेना. पारनेरच्या एका म्हाताऱ्याने मात्र निवडलं. बबनरावांनी त्याला फोन करून समजावलं, अशाने म्हैस जायची नाही.

"मारकीच हाय," तो म्हणाला. "मला दोनदा पाडलंय."

दोन दिवसांत त्याचीच म्हैस आधी गेली. घेणारा म्हणाला, हा माणूस खरं बोलतो, म्हणजे दुधाचंही खरं असणार.

पुढच्या बाजारापर्यंत यादीतल्या सगळ्या म्हशी मारक्या झाल्या होत्या.

*

आता ज्ञानेशचा "तो दुसरा".

यादी तपासायला त्याने एक खोटी म्हैस टाकली होती. नाव टेस्ट. दूध रोज नव्याण्णव लिटर. मालकाच्या फोनच्या जागी सुचतील ते दहा आकडे. ती काढायची राहिली. राळेगणसिद्धीकडच्या एका दूधवाल्याने ती पाहिली आणि ऑफिसला फोन केला.

"काका, ती म्हैस खोटी आहे," मी म्हटलं. "आत्ताच काढून टाकते."

"दुसऱ्याला दिली व्हय?"

"नाही हो. ती म्हैस नाहीच."

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला. मी ती ओळ काढली.

आठ दिवसांनी त्यांचाच फोन. म्हैस घेतली, असं सांगायला.

"कुठली?"

"टेस्ट. नव्याण्णव न्हाई देत. पन लई गरीब हाय."

मी फोन स्पीकरवर टाकला. ज्ञानेशने विचारलं, "काका, मिळाली कशी?"

"कशी म्हंजे? यादीतला नंबर लिहून ठेवला व्हता, तो लावला. एका बाईंनी उचलला. म्हनलं, म्हैस द्यायची का? त्या म्हनल्या, व्हय, द्यायची हाय. पन आत्ताच तर आमचं घरात बोलनं झालं, तुमाला कुनी सांगितलं?"