आईच्या जागेवर बसलेली बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. सांगायला बसलो की मी त्या विमानाबद्दलच बोलत सुटतो. आताही तसंच होईल — तेवढं चालवून घ्या.

कोल्हापूरच्या विमानतळावर मी सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांचा सुपरवायझर होतो. गाव हुपरी. आमच्या घरातला पहिला पदवीधर — हे मी अजूनही न विचारता सांगतो. आई चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडायची, वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे. आणि मी रोज एका जेट विमानाची वाट बघायचो.

काय देखणं होतं म्हणून सांगू. पन्नास सीटचं, सडपातळ, शेपटाजवळ दोन इंजिनं. ब्राझीलमध्ये तयार झालेलं. युरोपात बरीच वर्षं काढून आमच्याकडं आलं, तोवर दोन-तीन कंपन्यांचे रंग त्याच्या अंगावर चढून उतरले होते. शेवटच्या रांगेत फ्रेंचमधली एक सूचना कुणी खरवडायची विसरलं होतं. वयानं तरणं नव्हतं, पण उन्हाळ्यातल्या भर दुपारीसुद्धा धावपट्टीवरनं असं उचलायचं, की हातातलं काम थांबावं. आमच्या कंपनीचंही नव्हतं ते. दारापाशी आतल्या बाजूला पत्र्याची छोटी पट्टी होती, तिच्यावर खऱ्या मालकाचं नाव — आयर्लंडातली, विमानं भाड्यानं देणारी कंपनी.

वडलांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे खंडानं घेतलंय की. रान एकाचं, कसणार दुसरा. मग जपून वापरा बाबा. दुसऱ्याच्या मालाला लई जपाय लागतंय.”

वडलांना कळलं. मला कळलं होतं का?

आम्हा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना स्वस्तात तिकीट मिळायचं, पण जागा उरली तरच. एकदा बंगळूरच्या फेरीत आईला जागा मिळाली. बहीण राहते तिथं. आईनं नवं लुगडं नेसलं, सगळ्या गल्लीला सांगून आली. आत जायच्या हॉलमध्ये काचेला नाक लावून उभी राहिली — तिच्या पोराचं विमान बघत.

आता खरं सांगायला पाहिजे.

सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा परवाना माझ्याकडं नव्हता. ते माझं कामही नव्हतं. पण आई बघत होती ना? मी ड्रायव्हरला चहाला पाठवलं आणि स्वतः बसलो. ऐटीत गाडी मागं घेतली — आणि तिचा लोखंडी कोपरा विमानाच्या पोटाला लागला. आवाज फारसा झाला नाही. बत्ताशाएवढा खळगा पडला, रंग उडाला. बघणारं जवळ कुणी नव्हतं, आणि काचेतनं आईला तो धक्का कळण्यासारखा नव्हता.

नियम एकच, आणि पहिल्या दिवशी शिकवलेला: विमानाला नुसता धक्का लागला तरी इंजिनिअरला सांगायचं. त्यानं तपासल्याशिवाय विमान हलत नाही. वर गेल्यावर आतली हवा पत्र्याला बाहेर रेटत असते, आणि दुखावलेला पत्रा कधी, कुठं फाटेल ते नुसतं बघून कळत नाही. मी विज्ञानाचा पदवीधर. मला हे तोंडपाठ होतं. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. इंजिनिअर हाकेच्या अंतरावर होता.

मी हाक मारली नाही. एवढंच असतं तर भ्याडपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी आणखी एक केलं — तेच सांगायला इतका वेळ लागला.

मी आईला खाली ठेवलं.

काउंटरवरच्या पोरीला म्हणालो, आईला चक्कर येतेय, तिचं नाव काढ. तिकडं एक बाई उशिरा येऊन ताटकळत होती, बंगळूरला तिची लेक बाळंतपणाला टेकलेली, फेरी भरलेली. तिला आईची जागा मिळाली. मग आईजवळ गेलो आणि सांगितलं, आई, एका बाईची फार नड आहे, तुझी जागा तिला देऊया का?

“दे की,” आई म्हणाली. “माझं काय, विमान काय पळून चाललंय?” आणि स्वतःच हसली.

त्या बाईनं जाता जाता आईचे हात धरले. मी शेजारी उभा होतो. दार लागलं, विमान गेलं. म्हणजे धोका आहे हे मला ठाऊक होतं — माझ्या आईपुरता. बाकीच्यांना मी बसू दिलं. त्या बाईला तर मी बसवलंच.

ते पोचलं. माझ्यामुळं नाही. ज्यांनी ते जोडलं त्यांच्यामुळं, आणि इतक्या मालकांच्या हाताखाली ज्यांनी ज्यांनी त्याला सांभाळलं त्यांच्यामुळं. संध्याकाळी बंगळूरच्या तपासणीत खळगा सापडला. सगळ्या विमानतळांना विचारलं, तुमच्याकडं काही लागलं का? मीही ‘नाही’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी विमान आलं नाही. नंतर आलं तेव्हा पोटावर पत्र्याचं नीटनेटकं ठिगळ होतं, सगळे रिव्हेट एका ओळीत. त्या ठिगळावर ते पुढं कितीतरी वर्षं उडालं.

आमची कंपनी पुढं बंद पडली. आयर्लंडवाल्यांनी विमान परत नेलं, नवा रंग दिला, आफ्रिकेत कुणाला तरी भाड्यानं दिलं. मी मोबाईलवर त्याच्या फेऱ्या बघायचो. आता ते मोडीत निघालंय. इंजिनं म्हणे दुसऱ्या विमानांना लागली — अजून उडतायत.

आई काही परत विमानात बसली नाही. वडील गेले, तिचे गुडघे गेले. पण बुद्धविहारात बायका जमल्या की ती सांगते, माझ्या पोरानं अडलेल्या बाईसाठी सख्ख्या आईला खाली ठेवलं. बायका माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी चपला शोधायला लागतो.

घरी येताना ती दर वेळी एकच विचारते, “आरं, त्या बाईच्या लेकीला काय झालं रं, पोरगा का पोरगी?”

मी पहिल्यांदा म्हणालो होतो, पोरगी. तेव्हापासून तेच सांगतो. मला ठाऊक नाही.